दहा बोटांचे ठसे

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरात मराठीचा वर्ग भरतो. बैठकीत लॅपटॉप उघडला की त्यात पुण्याची एक तरुण मुलगी दिसते. तिच्यासमोर माझा पन्नाशी ओलांडलेला मुलगा, जबलपूरची सून आणि नात, तिघं कोऱ्या वह्या घेऊन बसतात.

“मी बालाघाटला राहतो,” मुलगा म्हणतो.

“मी बालाघाटला राहते,” सून म्हणते.

“खूप छान!” पुण्याची मुलगी म्हणते.

यात छान काय ते मला कळलेलं नाही. बालाघाटला ते राहतातच. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसतो आणि ऐकतो. सगळा जन्म मास्तरकीत गेला, पण इतकी स्वस्त शाबासकी मी कुणाला दिली नाही.

हे खूळ नातीचं. ती पुण्याच्या एका कंपनीत लागली. आडनाव पाहून तिथली माणसं तिच्याशी मराठीत बोलू लागली, ही हिंदीत उत्तरं देऊ लागली आणि कुणीतरी हसलं. पुढे कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तशी ती इकडे परत आली ती डोक्यात हेच घेऊन. “दादाजी, हमें अपनी जड़ों तक लौटना है,” असं तिनं मला हिंदीत सांगितलं. आठ दिवसांत घरभर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. दारावर ‘दार’, आरशावर ‘आरसा’, मिठाच्या डब्यावर ‘मीठ’. माझ्या खुर्चीच्या पाठीवर ‘खुर्ची’. मी बसलेला असताना लांबून पाहणाऱ्याला ती माझ्याच नावाची पाटी वाटत असेल. तेव्हापासून मी दादाजीचा आजोबा झालो. “आजोबा, आपण चहा घेणार का?” नात विचारते. बँकेतला कारकून खातेदाराला विचारतो तसं.

माझी भाची आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर तिच्या मुलाकडे राहते. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी. आयुष्याची बरीच वर्षं वारासिवनीला गेली, नवरा तिथल्या राइस मिलमध्ये हमाल होता, हीही तिथेच मजुरीला जायची. तो गेल्यावर मुलानं तिला इकडे आणलं. रविवारी बाजारातून भाजी घेऊन घरी जाताना ती आमच्याकडे टेकते, सुनेच्या हाताला हात लावते, चहा पिते आणि जाते. तिला आमच्या सरहद्दीकडची मराठी सोडून दुसरी भाषा नीट येत नाही. समोरच्याचं हिंदी तिला कळतं, बोलायला गेली की तीन शब्दांत मराठीवर येते.

वर्गाच्या पहिल्याच रविवारी ती आली, मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी तिनं वाचली, मग साखरेची, मग हळदीची.

“काय वो बाई,” ती सुनेला म्हणाली, “सामान हरवते काय तुमचं? का सासऱ्याले दिसत नाई?”

सून हसली. भाची भेंड्या चिरायला बसली आणि चिरता चिरता बोलू लागली. बाजारात कोण भेटलं, कुणाच्या सुनेनं काय केलं, लामत्याच्या बसमध्ये कोण कुणाच्या अंगावर पडलं. बैठकीतून माझ्या मुलाचा आवाज आला.

“दीदी, ज़रा धीरे! मराठी की क्लास चल रही है.”

ती चूप झाली. मला वाटलं कुणीतरी हसेल. तिघंही वहीत बघून लिहीत होते: ‘ही भेंडी आहे.’ आत भेंडी चिरणाऱ्या बाईला गप्प बसवून ते भेंडीचं मराठी लिहीत होते.

मीही हसलो नाही. मला हसायचा अधिकार नव्हता. त्या बाईला मी याहून वाईट रीतीनं गप्प बसवलेलं होतं, आणि ते मी सोडून कुणाला माहीत नव्हतं. ती स्वतःला मंद समजत होती. आयुष्यभर समजत आली होती. तिला मंद ठरवणारा मी होतो, आणि ते खोटं होतं.

आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्याकडच्या वाचकाला हे उलटं वाटेल. आमच्याकडे भाचा-भाची म्हणजे देवाच्या जागी. भाची दीड महिन्याची असली तरी म्हाताऱ्या मामानं वाकायचं. ती घरी आली की मी वाकायचो, निघाली की पुन्हा वाकायचो. इतकी वर्षं वाकलो. पाठीची कुरकुर होते तेवढंच. ज्याचं देणंघेणं मनाशी नाही असं वाकणं माणसाला फार सोपं जातं.

वर्गाच्या पाचव्या की सहाव्या रविवारी पुण्याच्या मुलीनं गृहपाठ दिला. ‘आमच्या घरातून मराठी कशी गेली’ या विषयावर दहा वाक्यं. नात वही घेऊन माझ्यापुढे बसली.

“आजोबा, तुमची शाळा कशी बंद झाली?”

मी तिला नेहमीचं सांगितलं. ते मला पाठ होतं. लामत्याच्या अलीकडे एका गावात आमची मराठी प्राथमिक शाळा होती. सरकारनं ती बंद केली. मी विरोध केला, कुणी ऐकलं नाही. हे मी गणपतीच्या मांडवात सांगितलं आहे, मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत सांगितलं आहे. त्यावर मला शाल आणि नारळ मिळाला आहे. शाल कपाटात होती. ती पांघरून मी एकदा फोटोही काढून घेतला. तो बैठकीत लॅपटॉपच्या बरोबर वर टांगलेला असे, म्हणजे पुण्याच्या मुलीला तो दिसत नसे. हे त्यातल्या त्यात बरं.

आता खरं काय झालं ते लिहितो.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. भंडाऱ्याकडून आलेली तीसेक घरं गावात होती, त्यांची पोरं मराठीत शिकत. माझी बहीण त्याच गावात दिलेली. मी शाळेजवळ खोली घेऊन राहत होतो आणि दोन वेळा तिच्याकडे जेवत होतो. बायको आणि लहान मुलगा बालाघाटला आईपाशी. शनिवारी छोट्या लाइनच्या आगगाडीनं मी घरी यायचो, सोमवारी पहाटे परत. बायको म्हणायची, पोरगा तुम्हाला पाहुणा समजतो. मला गाव नकोसं झालं होतं. गावात वीज नव्हती, बोलायला कुणी नव्हतं, आणि बहिणीच्या घरचा मिंधेपणा वाटायचा.

एका पावसाळ्यात आदेश आला. घरोघर जाऊन आईबापांना विचारा, पोरं मराठीत शिकवायची की हिंदीत. प्रत्येक घराचा एक कागद, खाली सही किंवा अंगठा. मराठी मागणारी घरं पुरेशी असली तर शाळा राहील, नाहीतर पोरं हिंदी शाळेत जातील आणि मास्तरांना गरज असेल तिथे पाठवतील. बालाघाटच्या एका शाळेत जागा रिकामी आहे हे मला आधीच कळलं होतं. दुसरीकडे भीतीही होती. असंच चालू राहिलं तर एखादे दिवशी उचलून बैहरच्या जंगलात टाकतील.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. सगळं गाव चिखलात. घरांना कड्या. मी दोन दिवस फिरल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी पोरांना सुट्टी देऊन मी शाळेच्या ओट्यावर बसलो आणि सगळ्या कागदांवर ‘हिंदी’ लिहिलं. ज्यांना सही येत होती त्यांच्या सह्या केल्या. बाकीच्यांसाठी शिक्क्याच्या शाईत आधी उजवा अंगठा बुडवला, मग डावा. सगळे ठसे सारखे दिसू नयेत म्हणून मग बाकीची बोटं. दहा बोटांनी मी एका गावाचं मत दिलं. माझ्या मेहुण्याचं मतसुद्धा. हे काम संपायला जेमतेम दुपार लागली.

लोक रोवणीतून मोकळे झाले तोवर सगळं ठरून गेलं होतं. विचारायला आले त्यांना मी म्हणालो, भोपाळहून आलं आहे. भोपाळ म्हटलं की आमच्याकडे माणूस पुढे विचारत नाही.

माझी बदली बालाघाटला झाली. माझा मुलगा हिंदी शाळेत गेला आणि मी घरातही त्याच्याशी हिंदी बोलू लागलो, म्हणजे तो मागे पडायला नको. तोच आता ‘मी बालाघाटला राहतो’ लिहितो आहे. त्याला हसण्याआधी मी हे लिहायला हवं होतं.

भाची तेव्हा तिसरीत होती, माझ्याच वर्गात. वर्गातली सगळ्यांत हुशार पोर. पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ, आणि उलटे विचारले तरी अडत नसे. दुसऱ्या वर्षी तिला हिंदी शाळेत घातलं. रीवाकडचे मास्तर. ते काय बोलतात ते तिला कळेना, ही काय बोलते ते त्यांना कळेना. उत्तर दिलं नाही की बाहेर उभी करत. ती दोन वर्षं तिथेच नापास झाली. बहीण मला भेटायला बालाघाटला आली, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. मास्तर भाऊ, त्याला विचारायला.

“खरं सांग बाबू,” ती म्हणाली, “पोरीले दिमाग कमी आहे काय? का मी मास्तरले जाऊन भांडू?”

ती भांडायला गेली असती. भांडली असती तर कुणीतरी ते कागद काढले असते, तिच्या नवऱ्याच्या नावाखालचा ठसा बघितला असता. मी म्हणालो, “बाई, सगळ्यांनाच शिक्षण झेपत नाही. पोरगी मंद आहे. घरकाम शिकव.”

भाची दारात उभी होती. आईबरोबर आली होती. तिनं ऐकलं. मग मी उठलो आणि रीतीप्रमाणे तिच्या पाया पडलो.

नातीनं गृहपाठ रविवारी वाचला. मराठी अडखळती, पण बरीच सुधारलेली. ‘माझे आजोबा मराठी शाळेसाठी लढले. परंतु सरकारने त्यांचे ऐकले नाही. आम्हाला आजोबांचा अभिमान आहे.’ पुण्याची मुलगी भारावली. तिला भारावायला फारसं काही लागत नाही.

भाची चहाचा कप घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. “ते शाळा मले मालूम आहे,” ती म्हणाली. “मी त्याच शाळेत होती.”

“अरे वा!” लॅपटॉपमधून आवाज आला. “मावशी, इकडे या ना. तुम्ही किती शिकलात?”

नातीनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. भाचीनं पदर सारखा केला.

“तिसरी. मंग सुटली.”

“का सुटली?”

“मी मठ्ठ होती मॅडम.” ती हसली. “आमचे मामाजीच मास्तर होते न! त्याईनंच सांगतलं मायले. मामाजी खोटं थोडी सांगतीन.”

तिनं तक्रार केली नव्हती. माझी उंची कमी आहे, माझं गाव अमुक आहे, तसं सांगितलं. पुण्याची मुलगी म्हणाली, “असं काही नसतं हं मावशी,” आणि पुढच्या धड्याकडे वळली. मुलगा आणि सून वहीत बघत होते. मी पेपर धरलेला होता. त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

ती निघाली तेव्हा मी मागे मागे ओसरीत गेलो. तिनं भाजीची पिशवी उचलली, चपला घातल्या. मी वाकलो आणि तिचे पाय दोन्ही हातांनी धरून तसाच राहिलो.

“उठा मामाजी. काय झालं, कंबर धरली काय?”

मी वर न बघता सांगितलं. कागद, ओटा, शाई, सगळं. तिच्या बापाच्या नावाखालचा ठसा. मग बहिणीला काय सांगितलं ते, आणि ते का सांगितलं ते.

ती म्हणाली, “त्या दिवशी तुमची बोटं निळी होती.”

मी वर पाहिलं.

“दाहीच्या दाही. मीच त पानी टाकलं होतं हातावर. राख आणून देल्ली तुमाले. मी विचारलं, काहून निळी? तुमी म्हणाले, शाळेचं काम.” ती माझ्या हातांकडे पाहत होती. “म्हणजे मायी शाळा बुडवली अन् हात माह्याच हातून धुतले.”

तिनं पाय मागे घेतले. माझे हात फरशीवर राहिले.

“मायले मालूम होतं?”

“नाही.”

“मरेवरी म्हणत होती, पोरीले दिमाग नाई, इले सांभाळा. माह्या नवऱ्याले सांगे, माह्या पोराले सांगे. मिलमध्ये हिशेबाची पाळी आली का मी दुसऱ्या बाईले पुढं करो. मले येत होतं मामाजी! मनातल्या मनात येत होतं. मले वाटे, माह्यं बराबर कसं असंल, मी त मठ्ठ.”

मी म्हणालो, “चुकलं.”

“हौ, ते त दिसूनच राह्यलं.” तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “लिहून द्या.”

“काय लिहू?”

“हेच. मोठ्या अक्षरात, मराठीत. मले हिंदी धड येत नाई, तुमच्या किरपेनं. अन् खाली सही करा. अंगठा नको.”

आठवडाभर मी लिहिलं. मास्तर असून मला दोन पानं लिहायला सहा दिवस लागले, कारण पहिल्या चार दिवसांत मी कारणं लिहीत होतो. बायकोचं बोलणं, वीज, मुलगा, बैहर. शेवटी ती सगळी काढली. तिसरीच्या पोरीला वाचता येईल अशी लहान वाक्यं केली आणि खाली पूर्ण नावानं सही केली.

पुढच्या रविवारी ती दहाच्या आधीच आली. मी वाकायला पुढे झालो तर ती थेट बैठकीत जाऊन सोफ्यावर मांडी घालून बसली, पाय लुगड्याखाली घेऊन. मुलानं लॅपटॉप उघडला.

“आज मी वाचीन,” ती म्हणाली. “मॅडम, चालंल न?”

तिनं कागद गुडघ्यावर ठेवला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. एकेक अक्षर जोडत. मुलानं आधी हसून माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं मी तिला काहीतरी लिहून दिलंय, कौतुकाचं. मग त्याचं हसू गेलं. सुनेनं वही मिटली. ‘मी दहा बोटांचे ठसे उमटवले’ इथे नातीनं मान वर करून भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे पाहिलं. पुण्याच्या मुलीनं या वेळी ‘खूप छान’ म्हटलं नाही.

शेवटचं वाक्य होतं: ‘माझी भाची मंद नव्हती, ती वर्गात पहिली होती.’ ते तिनं वाचलं. बोट मागे नेलं आणि परत वाचलं. दुसऱ्यांदा अडखळली नाही.

“सही बराबर आहे,” ती म्हणाली आणि कागदाची घडी करून कमरेला खोचली.

मुलगा उठून बाहेर गेला. जाताना माझ्या खुर्चीजवळून गेला, थांबला नाही. नात रडायला लागली. रडत रडतच तिला एक सुंदर कल्पना सुचली, या पिढीला सुचतात तशी.

“बुआ, आप ही हमें सिखाओ ना! हर संडे. यही तो हमारी असली मराठी है.”

भाचीनं तिच्याकडे पाहिलं. “काहून? इतके दिवस मी तुमच्या सैपाकघरात काय चिनी बोलून राह्यली होती?” ती उठली. “मले टाइम नाई बाई. मायी भाजी सुकते.”

वर्ग अजून चालतो. चिठ्ठ्या निम्म्या गळाल्या आहेत, माझ्या खुर्चीवरची तेवढी चिकटून आहे. फोटो मी उतरवला, शाल ज्यांनी दिली त्यांना परत पाठवली. त्यांनी ती निरोप न देता ठेवून घेतली. त्यांच्या स्मरणिकेत मी अजून लढलेला आहे, म्हणून हे सगळं मी इथे लिहिलं. तीसेक घरं होती. त्यांतल्या किती पोरांना कुणी कुणी मंद म्हटलं ते मला माहीत नाही, आणि आता त्यांना शोधायला पाय उरलेले नाहीत.

भाची येते. रविवारी भाजी घेऊन, पूर्वीसारखी. आता ती मोठ्यानं बोलते आणि तिला कुणी ‘धीरे’ म्हणत नाही. सुनेचा हिशेब चुकला की दिडकी म्हणून चुकीवर बोट ठेवते. आली की मी उठतो, वाकायला पुढे होतो. ती मला येताना बघते आणि मांडी घालून पाय आत घेते.

“बसा मामाजी,” म्हणते. “कायले तरास घेता.”

मी बसतो.